पांढऱ्या दातांचा मोह आणि दातांचे कवच

तुळशीची लग्ने लागली की माझ्या दवाखान्यात एक ठराविक मागणी सुरू होते. "डॉक्टर, दात पांढरे करून द्या, पंधरा दिवसांवर कार्यक्रम आलाय." कार्यक्रम म्हणजे कधी मुलगी बघण्याचा, कधी सुपारीचा, तर कधी प्रत्यक्ष लग्नाचा. मुलगी असेल तर सोबत आई किंवा मावशी असते. मुलगा असेल तर तो एकटाच येतो आणि इकडेतिकडे बघून हळूच विषय काढतो. बारामतीत हा अनुभव येतो आणि आठवड्यातून एक दिवस मी इंदापूरला जातो, तेथेही तोच येतो.

आपले दात चांगले दिसावेत असे वाटण्यात गैर काहीच नाही. हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी किंवा फोटोत ओठ मिटून उभा राहणारा मुलगा पाहिला की मलाही वाईट वाटते. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. दवाखान्याची पायरी चढण्याआधी यांतले बरेच जण घरच्या घरी काहीतरी करून बसलेले असतात. कोणी लिंबू चोळलेले असते, कोणी कोळसा, तर कोणी बाजारातून आणलेली कसलीशी पूड. मोबाईलवर कोणीतरी ते करून दाखवलेले असते. दात पांढरे होणे दूरच राहते आणि थंड पाणी मात्र लागू लागते. म्हणून दात पांढरे करण्याच्या निरनिराळ्या उपायांचा दातांच्या कवचावर काय परिणाम होतो, ते आज नीट समजून घेऊ.

कवच एकदाच मिळते

आपल्याला तोंडात दाताचा जो भाग दिसतो त्याच्यावर एक कठीण, गुळगुळीत आवरण असते. त्याला एनॅमल म्हणतात. या लेखात आपण त्याला कवच म्हणू. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडापेक्षाही तो कठीण असतो. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो. बाकी थोडे पाणी आणि थोडी प्रथिने. दाढेच्या टोकावर हे कवच दोन ते अडीच मिलिमीटर जाड असते, पण हिरडीजवळ ते अगदी पातळ होत जाते.

कवचाच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. त्यात असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या आतल्या गाभ्याकडे, म्हणजे आपण ज्याला दाताची नस म्हणतो तिकडे जातात. कवच शाबूत असेपर्यंत या नळ्या झाकलेल्या राहतात. कवच झिजले की थंड, गरम, गोड, आंबट सगळे थेट नसेपर्यंत पोहोचते आणि सणक मारते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कातडीला खरचटले तर नवी कातडी येते, हाड मोडले तर ते सांधते, नखे तर कापली तरी वाढतात. दाताच्या कवचाचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत आपले काम संपवून नाहीशा होतात. त्यामुळे झिजलेले कवच शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. अगदी वरवरचा, नुकताच मऊ झालेला थर लाळेतल्या खनिजांमुळे पुन्हा टणक होऊ शकतो, पण जो थर घासला गेला तो कायमचा गेला. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी जे कवच मिळते तेच सत्तरीपर्यंत पुरवायचे असते.

दात पिवळे का दिसतात?

कवच थोडेसे पारदर्शक असते. काचेच्या बरणीत तूप ठेवले की बरणी पिवळी दिसते, तसा आतल्या डेंटिनचा पिवळसर रंग कवचातून बाहेर दिसतो. म्हणजे निरोगी दाताचा रंग मुळातच किंचित पिवळसर असतो. चुन्यासारखा पांढराफटक दात हा निसर्गाचा नियम नव्हे. वय वाढते तसे कवच झिजून पातळ होते, आतले डेंटिन वाढते आणि दात आणखी पिवळे दिसू लागतात. केस पांढरे होतात त्यातलाच हा प्रकार.

कित्येक आया सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "दुधाचे दात कसे पांढरेशुभ्र होते, हे नवे दात पिवळे आले." नवे दात पिवळे आलेले नसतात. कायमच्या दातांचा रंगच दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर असतो आणि दोन्ही शेजारी शेजारी असल्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. त्या मुलाला काहीही उपचार लागत नाही.

याखेरीज दातांवर जे डाग पडतात ते दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार बाहेरून चिकटणाऱ्या डागांचा. चहा, पान, गुटखा, तंबाखू, मिश्री आणि विडी-सिगारेट ही त्याची कारणे. काही औषधी गुळण्या महिनोन्महिने केल्या तरी असे डाग पडतात. दुसरा प्रकार आतल्या रंगाचा. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत हे प्रकर्षाने दिसते. गरोदर स्त्रीला किंवा आठ वर्षांखालील मुलाला टेट्रासायक्लिन हे औषध दिले गेले तर मुलाचे दात करडे-तपकिरी होतात. मार लागून नस मेलेला दात एकटाच काळपट पडतो.

हा फरक समजणे अत्यंत आवश्यक आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. बाहेरचा डाग साफ करून निघतो. आतला रंग कितीही घासला तरी निघत नाही. घासणाऱ्याचे कवच मात्र निघते.

राखुंडी, कोळसा आणि गेरू

आपल्याकडे दात घासायला राखुंडी वापरण्याची जुनी पद्धत आहे. अजूनही खेड्यांतली वडीलधारी मंडळी गोवरीची राख, मीठ किंवा विटेची पूड बोटाने दातांवर घासतात. लाल दंतमंजनांत गेरू असतो. अलीकडे कोळशाची काळी पेस्ट शहरी वेष्टनात परत आली आहे. तिची किंमत भारी, पण वंश राखुंडीचाच.

या सर्वांचे काम एकाच तत्त्वावर चालते. खरखरीत कणांनी डाग घासून काढायचा. डागाबरोबर कवचही थोडे थोडे खरवडले जाते. पहिल्या आठवड्यात दात चकचकीत दिसतात, म्हणून माणसाला उपाय पटतो. पुढे चार-सहा वर्षांत हिरडीजवळ, जिथे कवच मुळातच पातळ, तिथे दाताला खाच पडते. पन्नाशी-साठीच्या अनेक शेतकऱ्यांच्या सुळ्यांवर आणि लहान दाढांवर कुऱ्हाडीचा घाव बसावा तशा या खाचा मी पाहतो. कोळशाविषयी सांगायचे तर अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये यावरच्या अभ्यासांचा आढावा आला. कोळसा सुरक्षित आहे किंवा त्याने दात खरोखर पांढरे होतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

दात आंबतात म्हणजे काय होते?

कैरी किंवा चिंच जास्त खाल्ली की दात आंबतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दातांवर दात लागले की कसेसेच होते, भाकरी चावत नाही. आंबटातले आम्ल कवचातली खनिजे विरघळवू लागल्याची ती खूण आहे. दाताभोवतीची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे शास्त्रीय भाषेत पीएच ५.५ च्या खाली आला, की कवच विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते तीनच्या आसपास असतो. बाटलीबंद कोलाही त्याच्याच जवळपास.

आपल्या घरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू पिळून थोडा वेळ ठेवा. तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही, कारण फरशीच खाल्ली गेलेली असते. दातावर लिंबू चोळल्यावर नेमके हेच होते. वरचा थर खडबडीत होतो, त्यावरून प्रकाश वेगळा परतू लागतो आणि दात काही दिवस पांढरा भासतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावची बावीस वर्षांची मुलगी मागे माझ्याकडे आली होती. रोज सकाळी लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा कालवून ती दात घासत होती. चार महिने तिने हा नेम पाळला. सुरुवातीला मैत्रिणींनी कौतुक केले. तिसऱ्या महिन्यापासून दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसू लागले, म्हणून तिने घासण्याचा वेळ वाढवला. मग माठातले पाणीही दाताला लागू लागले. तपासले तेव्हा समोरच्या चारही दातांची चकाकी गेलेली होती, कडा पातळ होऊन आरपार दिसत होत्या आणि हिरडीजवळ पिवळे डेंटिन उघडे पडले होते. पांढरे कवच पातळ केल्यावर आतले पिवळे अधिक दिसणार, हे उघडच आहे. जितके घासले तितके पिवळे, असा तो उफराटा हिशेब होता.

वाचक विचारतील, नुसता सोडा कसा? खाण्याचा सोडा आम्ल नाही आणि त्याचे कण फारसे खरखरीतही नसतात. कधीमधी वापरल्याने मोठे नुकसान होत नाही. खरी अपायकारक जोडी आहे आंबट आणि घासणे यांची. आम्लाने कवच मऊ करायचे आणि मऊ असतानाच त्यावर ब्रश फिरवायचा, हा दात झिजवण्याचा सर्वांत जलद मार्ग होय.

याच कारणाने आणखी एका सवयीविषयी लिहितो. पित्त पडावे म्हणून सकाळी घशात बोटे घालून उलटी काढण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. जठरातले आम्ल लिंबापेक्षाही तीव्र असते. अशा माणसांच्या वरच्या दातांची आतली बाजू झिजून गुळगुळीत झालेली असते. ही सवय सोडावी आणि पित्ताचा योग्य इलाज करावा. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने चुळा भराव्यात.

मिश्रीचा भ्रम

आपल्या दोन्ही तालुक्यांत आजही अनेक स्त्रिया सकाळी मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड "दात साफ करायला" म्हणून लावली जाते. मी विचारतो, "मावशी, तंबाखू खाता का?" तर उत्तर येते, "छे, तंबाखू नाही, नुसती मिश्री." मिश्री हा तंबाखूच आहे. तिने दात साफ होत नाहीत, काळे होतात, हिरड्या दातांपासून सुटतात आणि तिची चटक लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदरपणी ती लावली तर बाळाच्या वजनावर परिणाम होतो.

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजने यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती योग्य ठरवली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला कोणता कायदा अडवणार? ते काम घरातल्या लेकी-सुनांनीच करायला हवे.

दात पांढरे करायला आलेल्या माणसाचे संपूर्ण तोंड मी आधी तपासतो, त्याचे हे मुख्य कारण. दातांवरचे काळे डाग त्याला दिसत असतात, पण गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा त्याला दिसत नाही. तो दुखतही नाही. असा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तोंड उघडणे कमी होत चालले किंवा तिखट सोसेनासे झाले, तर दातांचा रंग बाजूला ठेवून प्रथम त्याची तपासणी करून घ्यावी.

दवाखान्यातले उजळवणे

आता दंतवैद्याकडे होणाऱ्या उपचाराकडे वळू. याला ब्लीचिंग किंवा टूथ व्हायटनिंग म्हणतात. येथे दात घासला जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्यापासून बनलेले कार्बामाइड पेरॉक्साइड यांचे जेल दातांवर ठेवले जाते. त्यातून सुटणारा प्राणवायू कवचातून आत झिरपतो आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंना फोडून फिके करतो. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा गडद रंग गंधकाच्या धुरीने फिका करतात. तेथील रसायन वेगळे, पण पदार्थ न खरवडता त्यातला रंग घालवण्याची कल्पना तीच.

या शोधाची कथा गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने हिरड्यांची सूज कमी व्हावी म्हणून रुग्णाला पेरॉक्साइडचे औषध साच्यात भरून रात्रभर लावायला दिले. हिरड्या तर सुधारल्याच, शिवाय दातही उजळल्याचे त्याच्या लक्षात आले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि ती जगभर पसरली.

त्याचे दोन प्रकार आहेत. एकात दंतवैद्य रुग्णाच्या दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतो. त्यात सौम्य जेल, बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे, भरून दोन-तीन आठवडे ठरलेल्या वेळी लावायचे. दहा टक्के ऐकून घाबरू नये. त्यातून मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. दुसऱ्या प्रकारात दवाखान्यातच २५ ते ४० टक्के तीव्रतेचे जेल हिरड्या झाकून थोडा वेळ लावतात. काही ठिकाणी त्यावर निळा दिवा किंवा लेसर धरतात. त्या दिव्याने टिकाऊ असा फारसा जादा फायदा होत नाही, उलट उष्णता वाढली तर नसेला त्रास होऊ शकतो.

याने कवच खराब होते का?

हा आजचा मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर सरळ द्यायचे तर मात्रेवर अवलंबून आहे.

सौम्य जेल, योग्य साचा, ठरलेला कालावधी आणि दंतवैद्याची देखरेख असेल तर कवचावर होणारा परिणाम अल्प असतो. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत कवचाचा कठीणपणा थोडा कमी झालेला आणि पृष्ठभाग किंचित खडबडीत झालेला आढळतो. पण तोंडातली लाळ हे नुकसान बऱ्याच अंशी भरून काढते, कारण येथे कवच घासले गेलेले नसते. जेल जितके तीव्र, जितके आम्लधर्मी आणि जितका जास्त वेळ, तितके नुकसान जास्त. एकच उपचार महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा करवून घेणाऱ्याला लाळ तरी किती वाचवणार?

तात्पुरता होणारा त्रास म्हणजे दात शिवशिवणे. पेरॉक्साइड काही मिनिटांतच कवच आणि डेंटिन ओलांडून नसेपर्यंत पोहोचते, त्यामुळे बऱ्याच जणांना उपचाराच्या काळात थंड लागते, सणक येते. बहुतेकांची ही तक्रार काही दिवसांत थांबते. जेल हिरडीवर सांडले तर ती पांढरी पडून चुरचुरते. किडलेला दात, फुटलेले सिमेंट किंवा झिजलेले कवच असताना ब्लीचिंग केले तर मात्र वेदना तीव्र होतात. म्हणून कीड आणि खाचा आधी भरून घ्याव्या लागतात.

आणखी दोन गोष्टी रुग्णाला आधीच सांगितलेल्या बऱ्या. पहिली, उपचारानंतर लगेच दिसणारा रंग थोडा फसवा असतो. दात कोरडे पडल्यामुळे जादा पांढरे दिसतात आणि चार-आठ दिवसांत थोडे खाली येतात. दुसरी, हा रंग कायमचा नाही. खाण्यापिण्याच्या सवयींप्रमाणे एक ते तीन वर्षांत तो उतरत जातो. तंबाखू चालू ठेवणाऱ्याचा त्याहून लवकर.

बाजारातल्या पुड्या आणि बाटल्या

आठवडे बाजारात, जत्रेत किंवा रस्त्याकडेला कापड पसरून बसलेला माणूस एका थेंबात काळा दात पांढरा करून दाखवतो. गर्दी टाळ्या वाजवते. त्या बाटलीत बहुधा आम्ल असते. फरशीवरचे डाग काढणारे आणि दातावरचे डाग काढणारे द्रव्य एकाच जातीचे असेल, तर दाताचे काय होईल ते सांगायला नको. युरोपात काही शतकांपूर्वी न्हावी लोक दात काढत, तेच कानशीने दात घासून वर नायट्रिक आम्ल लावत. दात पांढरे होत आणि पुढे किडून जात. त्या चुकीची आपण आज पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही.

ब्युटी पार्लरमध्ये किंवा घरपोच मागवलेल्या पेटीतून होणारे ब्लीचिंगही टाळावे. जेल किती तीव्र आहे, ते कोणाच्या दातावर चालते आणि आधी काय तपासायचे, हे तेथे कोणी पाहत नाही. युरोपीय देशांत २०१२ पासून असा नियम आहे, की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकावीत आणि १८ वर्षांखालील व्यक्तीवर वापरू नयेत. आपल्या देशातही दंतोपचार करणाऱ्याची कायद्याने नोंदणी असावी लागते. उपचार घेण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे की नाही, एवढे पाहायला संकोच करू नये.

ब्लीचिंग कोणी करू नये?

१८ वर्षांखालील मुलामुलींनी करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी पुढे ढकलावे. ज्यांचे दात आधीच शिवशिवतात, कवच झिजले आहे किंवा हिरड्यांतून रक्त येते, त्यांनी प्रथम त्याचा उपचार करावा. समोरच्या दातांत सिमेंट भरलेले किंवा कॅप बसवलेली असेल तर विचार करावा, कारण ब्लीचिंगने नैसर्गिक दात उजळतो, कॅपचा रंग बदलत नाही. मग शेजारी शेजारी दोन रंग दिसतात. सिमेंट बदलायचे असल्यास ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबून बदलावे. त्याआधी ते नीट चिकटत नाही.

वाचकांच्या शंका

दवाखान्यात मशीनने दात साफ केल्याने दात हलू लागतात हे खरे का?

नाही. मशीनने दातांवरचे किटण काढले जाते, कवच नव्हे. वर्षानुवर्षांच्या किटणाने हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेले असते आणि हलणारे दात त्या किटणाच्या थराने एकमेकांना धरलेले असतात. थर निघाला की खरी स्थिती दिसते. ज्यांचे डाग फक्त बाहेरचे आहेत अशा पुष्कळ लोकांना एवढ्या सफाईनेच समाधान मिळते, ब्लीचिंगची गरज उरत नाही.

एकच दात काळा आहे, तो उजळेल का?

बहुधा त्याची नस मेलेली असते. आधी एक्स-रे काढून नसेचा उपचार करावा लागतो. नंतर दाताच्या आतून उजळवता येते, पण हे काम दंतवैद्याचेच. निष्काळजीपणे केल्यास मुळाला इजा होऊ शकते.

फ्लोराइडचे डाग ब्लीचिंगने जातात का?

फिके होऊ शकतात, पूर्ण जातीलच असे नाही. पांढरे पट्टे तर सुरुवातीला अधिकच ठळक दिसतात. डागाची खोली पाहून उपाय ठरवावा लागतो.

ऊस किंवा डाळिंब खाल्ल्याने दात खराब होतात का?

फळे खाणे सोडू नये. प्रश्न येतो तो दिवसभर थोडे थोडे आंबट-गोड तोंडात ठेवल्याने. फळ एका बैठकीत खावे, वर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास ब्रश करू नये. तेवढ्या वेळात लाळ आपले काम करते.

रोज काय करावे?

मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट घेऊन सकाळी व रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटे, हलक्या हाताने दात घासावेत. भांडी घासल्यासारखा जोर लावू नये. चहानंतर चूळ भरावी. कोला आणि बाटलीबंद सरबते क्वचितच घ्यावीत. मिश्री, तंबाखू, गुटखा पूर्ण सोडावा. वर्षातून एकदा दात दाखवून घ्यावेत आणि कार्यक्रम ठरला असेल तर पंधरा दिवस आधी न येता दोन महिने आधी यावे. घाईत तीव्र औषध वापरावे लागते, सवडीने सौम्य औषधात काम होते.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. आपल्याच महाराष्ट्रात एके काळी सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत आणि ते सौंदर्याचे व सौभाग्याचे लक्षण समजले जाई. आज पांढऱ्याचा आग्रह आहे. आवडीनिवडी अशा बदलत राहतात, दाताच्या कवचाला मात्र बदली नाही. मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी दातांच्या रंगावरून नाक मुरडले तर ती उणीव त्यांच्या नजरेत आहे. त्यासाठी आपल्या निरोगी लेकीच्या हाती लिंबू आणि कोळसा देऊ नये.